सोलापुरात सकाळचा नाश्ता आणि कॉफी: वेळ साधली तर दोन्ही झकास

सोलापुरात एक-दोन दिवसांसाठी येणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. नाश्ता आणि मशीनची कॉफी (एस्प्रेसो, कॅपुचिनो) इथे सहसा एका टेबलावर मिळत नाहीत. नाश्त्याचं सोलापूर साडेसहा-सातला जागं होतं आणि दहा-साडेदहाला आवरायला घेतं. कॅफेचं शटर त्याच सुमाराला किंवा त्यानंतर वर जातं, बरेचदा अकराला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने भल्या सकाळी उतरलेला पाहुणा मोबाइलवर ‘कॅफे’ शोधतो, सगळीकडे ‘बंद’ दिसतं आणि मग समोर दिसेल ते पोटात ढकलून कामाला लागतो. इतकं चांगलं खाणारं गाव असताना असं होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

मॅपवर ‘कॅफे’ हा शब्दच लिहू नका. ‘इडली’, ‘उडुपी’, ‘टिफिन’, ‘फिल्टर कॉफी’ असं शोधा. विजापूर इथून शंभरेक किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. घरात कन्नड किंवा तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे इडली-डोसा आमच्याकडे पाहुण्यांचा पदार्थ नाही, रोजचा नाश्ता आहे. सापडलेल्या जागेचे अभिप्राय ‘सर्वांत नवीन’ लावून वाचा. आचारी बदलला की चव बदलते आणि दोन वर्षांपूर्वीचे पाच तारे काही कामाचे राहत नाहीत. फोटोंमध्ये सकाळचा उजेड आणि वाफाळत्या ताटल्या दिसतात की रात्रीचे दिवे आणि पावभाजी, तेही बघा. मॅपवरच्या वेळेवर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी फोन करून दोनच प्रश्न विचारा: सकाळी किती वाजता सुरू करता, आणि उद्या सुट्टी तर नाही ना?

भाग कुठला धरायचा? बसून निवांत खायचं असेल, सोबत वडीलधारी मंडळी असतील, तर पार्क चौक, नवी पेठ, सात रस्ता. स्टेशन आणि एसटी स्टँडवरून रिक्षाने फार वेळ लागत नाही. उभ्याने, गरमागरम आणि भल्या सकाळी खायचं असेल तर पूर्व भागात जा: अशोक चौक, साखर पेठ, कन्ना चौक. हा यंत्रमागांचा आणि पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) वस्तीचा भाग. कामावर जाणाऱ्यांना लवकर खायला लागतं, म्हणून गाड्याही लवकर लागतात. अक्कलकोट किंवा तुळजापूर गाठायचं असेल तर याच वेळेला खाऊन निघा. दोन्ही ठिकाणं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहेत, पोचेपर्यंत दर्शनाची रांग वाढलेली असते आणि पोट रिकामं असतं.

गाड्यावर गेलात की आधी ताटल्यांकडे नाही, कुकरकडे बघा. इडलीचा एक घाणा वाफवायला दहा-बारा मिनिटं लागतात. घाणा नुकताच निघाला असेल तर इडली बोटाने दाबल्यावर परत वर येते आणि तोडल्यावर आतून जाळीदार दिसते. काढून डब्यात रचून ठेवलेली इडली स्वतःच्याच वाफेने खालून ओली होते आणि वरून कातडी धरते. “अण्णा, नवा घाणा कधी?” एवढं विचारून पाच मिनिटं थांबायला लाजू नका. इडली पिवळसर आणि जिभेला किंचित साबणासारखी लागली, तर पीठ न फुगल्यामुळे सोडा जास्त पडलाय असं समजा. थंडीत हे जास्त होतं, कारण रात्रीत पीठ नीट आंबत नाही. उन्हाळ्यात बरोबर उलटं: सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पीठ भराभर आंबतं आणि सकाळी सातला सुरेख लागलेला डोसा साडेदहाला आंबट ढाण होतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये आठच्या आत खाऊन घ्यावं.

चटणीचंही तेच. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उतरू लागते. शेंगदाण्याची किंवा पंढरपुरी डाळ्याची चटणी जरा तग धरते, आणि इथल्या गाड्यांवर तीच शोभते. वाढताना चटणीला बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर नुसत्या सांबारावर भागवा. डोशासाठी तव्याकडे लक्ष द्या. प्रत्येक डोशाआधी पाणी शिंपडून तवा पुसला जात असेल तर पीठ सारखं पसरतं आणि रंग एकसारखा येतो. घाईत ही पायरी गाळली की तवा जास्त तापतो, पीठ वाटीलाच चिकटून गोळा होतं, आणि डोसा मधे जाड, कडेला करपलेला निघतो.

डोशाचा कंटाळा असेल तर उप्पीट, किंवा मिळालाच तर सुशीला. चुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीवर टाकायचे, वरून डाळ्याचं कूट. साधा पदार्थ, पण तो समोर परतलेलाच खावा. पातेल्यात अर्धा तास पडून राहिला की चुरमुऱ्यांचा लगदा होतो.

आता कॉफी. नाश्त्याच्या हॉटेलात मिळणारी कॉफी तीन प्रकारची असते आणि पाटीवर तिन्हींना ‘कॉफी’च म्हणतात. पहिली खरी फिल्टर कॉफी. दुसरी, दुधात इन्स्टंट पावडर ढवळून केलेली. तिसरी, लग्नात मिळते ती: वाफेच्या नळीने दूध फेसाळवून वर चॉकलेट पावडर भुरभुरवलेली. तिला ‘एस्प्रेसो’ म्हणतात, पण ती बहुतेक वेळा इन्स्टंटचीच असते. तिन्हींना आपापले चाहते आहेत. मला सकाळी पहिलीच हवी असते, आणि ती ओळखायची एक सोपी खूण सांगतो: बिनसाखरेची मागा. फिल्टर कॉफीत डिकॉक्शन (पावडरीतून गाळून उतरलेला कॉफीचा अर्क) आणि दूध कपागणिक मिसळतात, त्यामुळे साखर न घालणं सहज शक्य असतं. “बिनसाखरेची नाही होणार” असं उत्तर आलं तर कॉफी आधीच मिसळून थर्मासमध्ये बसली आहे. तिथे सरळ चहा घ्या.

चांगलं डिकॉक्शन म्हणजे काय, हे माहीत असलं की एका घोटात निवाडा होतो. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात साधारण वीस ग्रॅम पावडर, वर नुकतंच उकळून खाली उतरवलेलं सव्वाशे मिलिलिटर पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटं हात न लावता थांबणं. मग एक भाग डिकॉक्शनला तीन भाग उकळतं दूध. पावडर दाबून भरली तर थेंब पडतच नाहीत. सैल सोडली तर पाणी धावत खाली येतं आणि कॉफी पाणचट होते. डिकॉक्शन कधीही थेट गॅसवर तापवू नये, कडू होतं. हॉटेलात कॉफी जळकी लागते ती बहुधा याच कारणाने: गर्दी ओसरल्यावर उरलेलं डिकॉक्शन पुन्हा तापवलेलं असतं. गर्दीच्या वेळची, आठ-साडेआठची कॉफी म्हणूनच चांगली निघते.

चिकोरीबद्दल, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळीच्या पावडरीबद्दल, उगाच नाक मुरडू नये. थोडी चिकोरी कॉफीला रंग आणि दाटपणा देते. पण नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. काउंटरवर पाकीट दिसलं तर वाचा. 80-20 असेल तर बिनधास्त घ्या. 53-47 असेल तर दाट, गडद आणि मागून गूळकट लागणारी कॉफी मिळणार, हे धरून चाला.

मशीनची कॉफी हवीच असेल तर सकाळचं काम उरकून मग होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या बाजूला फिरा. दार उघडल्याबरोबर आत शिरू नका. मशीन नीट तापायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि त्याआधीचा पहिला कप हमखास आंबट आणि कोमट येतो. आत गेल्यावर ग्राइंडर शोधा. बी तिथल्या तिथे दळली जात असेल तर निम्मं काम झालं. दळून डब्यात भरलेली पावडर वापरत असतील तर मशीन कितीही महागाचं असो, वास गेलेला असतो. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख विचारा, महिन्याच्या आतली उत्तम. दोन शॉटचा, म्हणजे एस्प्रेसोच्या दुहेरी मात्रेचा, हिशेब साधारण असा: 18 ग्रॅम पावडर, कपात उतरलेली 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंद. दहा सेकंदांत भसाभस उतरली तर आंबट-पाणचट, चाळीसच्या पुढे रेंगाळली तर कडू. दूध 60-65 अंशांपर्यंत तापवलेलं असावं. ओठ पोळणारी कॅपुचिनो म्हणजे दुधाची गोडी गेली. दूध तापवण्याआधी आणि नंतर नळीतून क्षणभर वाफ सोडून ती ओल्या फडक्याने पुसतात का, एवढं पाहिलं तरी त्या जागेची शिस्त कळते.

बऱ्याच कॅफेंचा धंदा कोल्ड कॉफी आणि फ्राइजवर चालतो, त्यात गैर काही नाही. कोल्ड कॉफी आइस्क्रीम आणि चॉकलेट सिरप न घालता मागा, कॉफीची चव लागेल. पडदे किंवा बंद केबिन असलेली जागा मात्र दारातूनच सोडून द्या. तिथे कॉफीकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि कुटुंबाला घेऊन बसण्यासारखीही ती नसते.

संक्रांतीच्या सुमाराला येणार असाल तर हा सगळा हिशेब थोडा बदला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची (मानाच्या उंच काठ्यांची) मिरवणूक निघते, मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात आणि रिक्षा लांबून फिरतात. त्या दिवसांत मुक्काम जिथे असेल तिथून चालत जाता येईल अशीच जागा आदल्या दिवशी हेरून ठेवा, आणि सातच्या आत तिथे पोचा.