बाळ उलटं आहे, आता कुठे जायचं?

"ताई, सोनोग्राफीत लेकरू उलटं निघालं. तुमचंही तसंच होतं नं? मंग तुम्ही काय केलं?"

अंगणवाडीच्या कामामुळे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावांमध्ये माझं सारखं जाणं-येणं असतं आणि हा प्रश्न ठरलेलाच असतो. कधी पोटुशी बाई स्वतः विचारते, कधी तिची सासू मला अंगणात गाठून विचारते. कधी नवऱ्याचा फोन येतो. तो आधी पेरणीपाण्याचं बोलतो आणि मग आवाज खाली करून म्हणतो, "सिझरच करा लागते काय जी?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

सिझर की नॉर्मल, हे मी दुसऱ्या नंबरला ठेवते. बाळ उलटं असलेल्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी सगळ्यात आधी हे ठरवायला पाहिजे, की कळा लागतील त्या घडीला ती कुठे असेल. नागपुरातल्या बाईला याची चिंता नसते. आपल्याकडे गावातून मोठ्या रस्त्याला लागायलाच वेळ जातो, आणि उलट्या बाळाच्या बाबतीत तो वेळ फार महाग पडू शकतो.

आता कितवा आठवडा चालू आहे ते बघा. २८व्या आठवड्याच्या सुमारास दर चार-पाच बाळांतलं एक उलटंच असतं. पोटात जागा असते, पाणी असतं, बाळ कोलांट्या मारत असतं. बहुतेक बाळं पुढे आपणहून डोकं खाली करतात आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उलटी राहतात. म्हणून सातव्या महिन्याच्या रिपोर्टवर 'ब्रीच', म्हणजे डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली, असं वाचून जेवण सोडू नका. मात्र ३६ आठवडे झाले की पुन्हा तपासलंच पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं. तोवर बाई माहेरी गेलेली असते, कार्ड सासरी राहिलेलं असतं, आणि माहेरच्या सिस्टरला काहीच माहीत नसतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, ती तारीख चुकवू नका.

मला आधीच शंका होती. भाकरी थापायला बसलं की उजव्या बरगडीखाली एक कडक, गोल गोळा रुतायचा. बोटांनी हळूच दाबला तर सरकायचा आणि सोडला की परत जागेवर यायचा. सिस्टरने पोटावर हात फिरवला, त्या गोळ्यावर थांबली आणि म्हणाली, "हे डोकं आहे, बाई." सोनोग्राफीतही तेच दिसलं. बाळ ढुंगण खाली टेकवून, दोन्ही पाय वर तोंडाशी घेऊन बसलं होतं. काही बाळं मांडी घालून बसतात, काहींचा पाय खाली लोंबतो. आपलं कोणत्या तऱ्हेचं आहे ते विचारून घ्या, कारण पाय खाली असला तर पाणमोट फुटल्यावर नाळ बाहेर येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

मग घरात सुरू झालं. ग्रहणात विळी हातात घेतली होती, हंडा उचलला होता, पालथी झोपली असेल. असं ऐकून घेणाऱ्या प्रत्येक बाईला मला सांगायचं आहे की यातल्या कशानेही बाळ उलटं होत नाही. गर्भपिशवीचा आकार वेगळा असणं, वार खाली असणं, पाणी फार कमी किंवा फार जास्त असणं, जुळं असणं, गाठ असणं, ही कारणं असू शकतात. बहुतेक वेळा काहीच कारण सापडत नाही. त्या दिवसांत पोटातल्या बाळापेक्षा घरातल्या बोलण्यानेच बाईची झोप उडते, हे मी भोगलं आहे. सासूबाईंना वेगळीच काळजी होती. "पायाळू लेकरावर वीज पडते म्हणते वं," असं त्या मला जवळ घेऊन म्हणाल्या. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीची चमक जाते, असंही आपल्याकडे मानतात. बाळ कोणत्या बाजूने जन्मलं याच्याशी विजेचा काही संबंध नाही. कडाडायला लागलं की झाडाखालून सगळ्यांनीच निघायचं असतं.

बाळ फिरवता येतं का, हे फार जणी विचारतात. येतं, पण ते काम दवाखान्याचं आहे. पहिलटकरणीला ३६ आठवड्यांनंतर आणि बाकीच्यांना ३७व्या आठवड्यापासून डॉक्टर पोटावरून हातांनी बाळ फिरवून बघतात. वार खाली असेल, नुकतंच अंगावरून रक्त गेलं असेल किंवा पाणमोट फुटली असेल तर करत नाहीत. साधारण निम्म्या बायांमध्ये बाळ फिरतं. पहिलटकरणीत कमी, नंतरच्या खेपांना जास्त. दोनशेंत एखादीला त्यानंतर लगेच सिझर करावं लागतं, म्हणून जिथे ऑपरेशनची सोय आहे तिथेच हे करायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनचं विचारायला विसरू नका.

मला ३७व्या आठवड्यात एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. लघवी करून या म्हणाले, सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके बराच वेळ पाहिले, पिशवी सैल पडावी म्हणून इंजेक्शन दिलं. पोटावर जेली लावून डॉक्टर मॅडमनी एका हाताने बाळाचं ढुंगण ओटीतून वर उचललं आणि दुसऱ्या हाताने डोकं पुढे ढकलायला लागल्या. त्या सारख्या सांगत होत्या, "दुखलं की सांग, मी थांबते." दुखतं, खोटं कशाला सांगू. आतून कोणी दाबून पिळतंय असं वाटतं, पण ते थोडा वेळच. बाळ आडवं होईपर्यंत आलं आणि सुळकन परत वर गेलं. पुन्हा ठोके पाहिले, पुन्हा करून पाहिलं, तेच झालं. मॅडम म्हणाल्या, "त्याला नाही फिरायचं, आपण जबरदस्ती नको करू." मला रडू आलं, आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. करण्यासारखं होतं ते करून झालं होतं.

माहेरच्या गावात पोट चोळून देणारी एक आजी आहे. "तेल लावून मीच फिरवून देईन नं, माय," असं ती फार प्रेमाने म्हणाली होती. कितीतरी बाळंतिणींना तिने शेक-मालिश करून उभं केलं आहे, तिचा मला आदर आहे. पण वार कुठे आहे, नाळ कशी आहे, हे हाताला कळत नाही, आणि दाबताना वार सुटली तर बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेततं. हे घरी करायचं नाही. गुडघे टेकून, छाती खाली आणि कंबर वर करून बसणं किंवा कमरेखाली उशा घेणं मीही केलं. त्याने बाळ फिरतंच असा पुरावा नाही. डॉक्टरांना विचारून करायला हरकत नाही, चक्कर आली की थांबायचं, आणि बाळ नाहीच फिरलं तर आपण कमी पडलो असं मनात आणायचं नाही.

आता सिझर की नॉर्मल. उलटं बाळ खालून होऊच शकत नाही, असं नाही. आपल्या आज्यांनी अशी लेकरं जन्माला घातली आहेत, आणि काही गमावलीही आहेत, ती मात्र मोजली जात नाहीत. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायांवर केलेला एक मोठा अभ्यास आला. उलट्या बाळासाठी ठरवून केलेलं सिझर बाळाला जास्त सुरक्षित, असं त्यातून निघालं आणि जगभर डॉक्टर सिझरकडे वळले. त्याच अभ्यासातली बाळं दोन वर्षांची झाल्यावर पाहिली तेव्हा वाढीत दोन्हीकडे फरक दिसला नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली दिलेला हिशेब असा: ठरवून सिझर केलं तर दहा हजारांत सुमारे ५ बाळं दगावतात, उलटं बाळ खालून होऊ द्यायचं ठरवलं तर २०, आणि डोकं खाली असलेल्या साध्या बाळंतपणात १०. हा हिशेब सोयी असलेल्या दवाखान्यांचा आहे. सिझरचीही किंमत असते. टाके, पुढच्या खेपेला व्रणाची आणि वारेची काळजी, आणि कापूस वेचणाऱ्या बाईची कितीतरी दिवसांची बुडालेली मजुरी.

मी मॅडमना सरळ विचारलं, की मी तुमची मुलगी असते तर? त्या म्हणाल्या, "उलट्या बाळंतपणाचा हात बसलेला माणूस रात्री दोन वाजता ड्युटीवर असेलच, असं मी तुला सांगू शकत नाही." मी सिझरची तारीख घेतली, ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरची. माझा निर्णय तिथेच झाला. तुमच्या डॉक्टरांनाही असंच विचारा. सराव असलेले हात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि तयार ऑपरेशन थिएटर, हे सगळं एका जागी असेल, बाळाचा पाय खाली नसेल आणि वजन बेताचं असेल, तर खालून प्रयत्न करणाऱ्या बाईला मी वेडी म्हणणार नाही.

खरी लढाई घरी झाली. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत. माझं माहेर नाल्यापलीकडे, आणि तारीख ऑगस्टमधली. पाऊस लागला की पुलावरून पाणी जातं आणि गाव तुटतं. ओटी भरून झाली होती, आईने बाजेला नवीन सुंभ भरून ठेवला होता, डिंक आणि खोबरं आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, यवतमाळला मावशीकडे राहते. माझी आजी चिडली, "पोरीचं पहिलं बाळंतपण दुसऱ्याच्या घरी? लोक काय म्हणतीन?" मी भांडले नाही. आईला हाताशी धरून नाल्यावर नेलं. तेव्हा जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं, पण कठड्याला मागच्या पुरातला पालापाचोळा अजून लटकलेला होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. घरी येऊन तिने डिंक-खोबरं पिशवीत भरलं आणि म्हणाली, "मीच येते तुह्यासंगं." बाळंतपण आईच्या हाताखाली झालं, घर तेवढं मावशीचं होतं.

तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन आधीच विचारा की सिझर होतं का, भूल देणारे डॉक्टर रात्री असतात का, रक्त मिळतं का. यातली एक जरी सोय नाही म्हणाले तर यवतमाळचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा, अमरावतीचं डफरीन, नागपूरचं डागा, जे जवळ पडेल तिथे नाव घाला आणि शेवटच्या दिवसांत त्याच गावात मुक्काम करा. मेळघाट, गडचिरोलीकडे काही आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं, तिथे आधी येऊन राहता येतं. पण बाळ उलटं असेल तर तिथून पुढे सिझर होणाऱ्या दवाखान्यात पाठवायला सांगा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषध, रक्त, जेवण आणि गाडी मोफत आहे. पैशासाठी अडून बसू नका.

तरीही घरीच पाणमोट फुटली तर उभं राहू नका, चालत फिरू नका. डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन आडवं व्हा आणि १०८ला फोन करा. फोनवरच बाळ उलटं आहे असं सांगा. नाळ बाहेर दिसली तर गुडघे आणि छाती टेकून कंबर वर ठेवा, नाळेला हात लावू नका. आणि बाळाचे पाय दिसले तरी कोणीही ओढायचं नाही. ओढलं की बाळाचे हात वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं अडकतं.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचे पाय सरळच होत नव्हते, पावलं कानाशी जायची. पोटात तशीच बसली होती ना. आजी पहिल्या मालिशीलाच ते ओढून सरळ करायला निघाली, मी तिचा हात धरला. पाय काही दिवसांत आपणहून खाली येतात. बाळाला लपेटताना पाय सरळ करून आवळू नका, खाली हलायला जागा ठेवा, आणि मान धरायला लागलं की पाय फाकवून कडेवर घ्या. उलट्या बाळांच्या खुब्याचा सांधा कच्चा असण्याची शक्यता जास्त असते, मग ते सिझरने झालं असलं तरी. बाहेरून ते कळतंच असं नाही. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, की हे बाळ पोटात उलटं होतं, खुब्याची सोनोग्राफी लिहून द्या.