एक टक्का

मागच्या आठवड्यात पुण्याहून मावशीचा फोन, "अगं तुला म्हणे बायकांच्या धंद्याचं कसलं सर्टिफिकेट मिळालंय, आता सरकार आपोआप काम देणार का?" मी म्हटलं मावशी, आपोआप इथे फक्त दरवाजे उघडतात गं. पण मग म्हटलं लिहूनच काढावं, कारण एडिसनमधल्या मैत्रिणीपण हेच विचारत असतात.

तर इथे न्यू जर्सीत माझं छोटं केटरिंग आहे, ऑफिसांना जेवण आणि सीझनला फराळ. इथल्या मोठ्या कंपन्यांमध्ये सप्लायर डायव्हर्सिटी नावाचा प्रकार असतो, म्हणजे खरेदीतला काही भाग बायकांच्या, मायनॉरिटीच्या छोट्या धंद्यांकडून घ्यायचा, आणि तुम्ही खरंच तसे आहात हे तिसऱ्या कुणीतरी तपासून सांगायचं. हे तपासून सर्टिफिकेट देणारी बायकांसाठीची संस्था विमेन्स बिझनेस एंटरप्राइझ नॅशनल काउन्सिल, १९९७ पासूनची, आणि मायनॉरिटीसाठीची नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट काउन्सिल त्याहून जुनी, १९७२ ची. मायनॉरिटीत आपण भारतीय बसतो पण त्याला सिटिझनशिप लागते, बायकांचं मात्र ग्रीनकार्डवरही होतं, म्हणून मी तिकडे गेले. (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या एच-फोरवाल्यांनो, तुम्हाला अजून दोन्ही नाही, सॉरी.) केंद्र सरकारच्या कामांसाठीचं सर्टिफिकेट वेगळंच, ते फुकट असतं पण तिथेही सिटिझनच पाहिजे.

सगळीकडे मुख्य अट एकच, ५१ टक्के मालकी. आणि आमची होती ५०-५०, नवरा-बायको म्हणून अर्धं अर्धं, एलएलसी, म्हणजे आमची छोटी कंपनी, काढताना कोण एवढा विचार करतं. नवरा म्हणाला एका टक्क्याने काय होतंय, घे. पण वकिलीणबाई म्हणाल्या नुसता टक्का नाही चालत, करारात जे लिहिलंय ना की मोठे निर्णय दोघांच्या संमतीने, ते काढा, शेवटचा शब्द हिचा असं लिहा. त्यावर साहेब गप्प. दोन दिवस भांडी जरा जोरात घासली जात होती, एवढंच सांगते. मग तिसऱ्या दिवशी येऊन सही केली आणि म्हणाला, "तसंही मीठ किती घालायचं ते तूच ठरवतेस."

मग कागद. टॅक्स रिटर्न, बँकेत सह्या कुणाच्या, किचनचं लीज कुणाच्या नावावर (त्याच्या होतं, बदललं), भांडवल कुणी घातलं. आणि शेवटी साइट व्हिजिट. एक बाई आल्या, नवऱ्याने हौसेने आलं घालून चहा केला, त्यांनी चहा घेतला आणि गोड हसून म्हणाल्या, आता तुम्ही जरा बाहेर थांबता का. बिचारा दीड तास पार्किंगमध्ये गाडीत बसून होता. आत मला विचारतायत, कच्च्या मालावर किती टक्के जातात, माणसं कोण ठेवतं, कोण काढतं, लोनचा व्याजदर काय. व्याजदर मला माहीत नव्हता. खरंच लाज वाटली, कारण आपण गावाकडे हसतो ना, सरपंच बाई आणि मीटिंगला नवरा, तर मी एडिसनमध्ये बसून थोडीफार तीच होते. त्या रात्री लोनची फाइल मी माझ्या टेबलावर आणली ती आजवर तिथेच आहे.

आता फायदा म्हणाल तर पहिले आठ महिने सर्टिफिकेट भिंतीवर आणि फोन शून्य. काम आलं ते आडवाटेने. एका कंपनीचं कँटीन चालवणारा मोठा ठेकेदार होता, त्याला दाखवायचं होतं की त्याच्याही खालचा खर्च अशा धंद्यांकडे जातो (टिअर टू म्हणतात याला), त्याने लिस्टमध्ये माझं नाव बघून दिवाळीला चारशे बॉक्स मागितले, चकली चिवडा बेसनलाडू. आनंद झाला आणि मग कळलं पैसे साठ दिवसांनी मिळणार. भाजणी, तूप, डबे सगळं रोखीत, वर इन्शुरन्स वाढवून मागितला तो वेगळाच! क्रेडिट कार्डाने तारलं. पण चकली आवडली आणि पुढच्या वर्षी सर्टिफिकेट कुणी विचारलंही नाही, सरळ ऑर्डर.

आता वारं फिरलंय म्हणा. २०२३ मध्ये टेनेसीतल्या कोर्टाने सरकारी ८(ए) योजनेत, म्हणजे मागास समजल्या जाणाऱ्यांच्या छोट्या धंद्यांना केंद्राची कामं मिळवून देणाऱ्या योजनेत, वंशावरून आपोआप मागास धरणं थांबवलं, आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प परत आल्यापासून तर डायव्हर्सिटी शब्दच काही कंपन्या दबक्या आवाजात बोलतात. त्यामुळे फी भरण्याआधी आपलं गिऱ्हाईक हे बघतं का ते विचारून घ्या, उगाच भिंतीला फ्रेम नको.

मावशीला मी उलट सांगितलं, तुझ्या शेजारणीचा मसाल्याचा उद्योग आहे ना, भारतातपण केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांना ३ टक्के खरेदी बायकांच्या लघुउद्योगांकडून करायची आहे, तिला उद्यम नोंदणी करायला सांग. मावशी म्हणाली, "नोंदणी आहे गं, तिच्या नवऱ्याने केलीये."

आमचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात. नवरा विचारतोय, चहा करू की थेट गाडीत जाऊन बसू.