‘पहनते पहनते बैठ जाएगा’ म्हणे! पहिलं लेदर जॅकेट घेतानाचा माझा अनुभव

धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत रंग, कॉलर, खिसे सगळं झटपट ठरलं. घोडं अडलं खांद्यावर. शिलाई दंडावर उतरलेली असो की हाडाच्या आत राहिलेली, काउंटरवरून उत्तर एकच: "पहनते पहनते बैठ जाएगा, सर."

नाही बसत! कातडं कोपराशी, पाठीवर, थोडंफार छातीवर ताणतं. खांद्याची रुंदी, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर) आणि लांबी आहे तशीच राहते. खांद्याच्या शिलाईत तर ती ताणू नये म्हणूनच आतून पट्टी घालतात.

नंतर दुरुस्त करू म्हणावं, तर कापडासारखी सोय इथं नाही. सुईचं भोक कातड्यात कायमचं राहतं, त्यामुळे शिलाई उसवून सैल केली की जुन्या भोकांची रांग बाहेर दिसते. मुळात आत दाब, म्हणजे शिलाईपलीकडची जास्तीची कड, सेंटिमीटरभरच असतो, तोही सोल्यूशनने (गोंदाने) चिकटवून ठोकून बसवलेला. खांदा आत घ्यायचा तर अस्तर उघडा, बाही काढा, मुंढा पुन्हा कापा. एवढं करायला चांगला कारागीर सहसा तयार होत नाही, आणि जो लगेच हो म्हणतो त्याची मला जास्त भीती वाटते.

म्हणून दुकानातच चेन पूर्ण लावा आणि बाइकचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. शिलाई खांद्याच्या हाडावरच हवी. हात उचलल्यावर अख्खं जॅकेट वर आलं तर मुंढा खोल कापलाय, ते ठेवून द्या. आत शर्टच घाला. जाड स्वेटर घालून माप घेतलं तर मुंबईत वर्षभर पोतं घालून फिराल. नवं जॅकेट अंगाला थोडं घट्ट लागलं तर चालतं, पण चेन लावताना श्वास रोखावा लागता कामा नये.

मापानं शिवून घेणार असाल तर आधी मादरपाटाची, म्हणजे साध्या सुती कापडात शिवलेली, ट्रायल मागा. टाळाटाळ होते, तरी अडून बसा. कातडं कापल्यावर भांडून उपयोग नाही.

बाही पहिल्या दिवशी मनगटाच्या हाडाच्या किंचित खाली हवी, कारण कोपराशी चुण्या पडल्या की ती वर सरकते. मनगटाला चेन असेल तर बाही खालून कापता येत नाही, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

कातड्याचं म्हणाल, तर मेंढीचं मऊ, साधारण ०.७ मिलिमीटर, पण खरचटतं लवकर. बकरीचं त्याहून चिवट, आणि पहिल्या जॅकेटला मी तेच सुचवेन. बाइकसाठी गाई-म्हशीचं १.२ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या, मात्र ते जड असतं. ‘जेन्युइन लेदर’च्या शिक्क्यावरून दर्जा कळत नाही. खिशाच्या आतली कापलेली कड पाहा: तंतू दिसले तर कातडं, खाली विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. दमट हवेत रेक्झिनचे काही वर्षांत पापुद्रे निघतात.

हो, पाठ एकसंध आहे की तुकडे जोडलेत, तेही बघा. मेंढीचं एक कातडं पाच-सहा चौरस फुटांचं, त्यातून अखंड पाठ निघते. फॅशनच्या नावाखाली जोडलेले बारीक तुकडे बहुधा उरलेल्या मालाचे असतात.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. रुंद हँगर आणि सुती कव्हर पुरे. पातळ तारेच्या हँगरने खांद्याला टोकं येतात, आणि इतकं भांडून मिळवलेला खांदा कपाटात वाया जातो.