हबेईतल्या एका घरातली मुलं

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. आमच्या १९९३ च्या दहावीच्या तुकडीतले बाकीचे त्या लिहितीलच. मला मात्र सोलापूरपासून फार लांब, उत्तर चीनमधल्या एका खेड्यातल्या अनाथ मुलांच्या घराबद्दल लिहायचं आहे. शाळेनं दिलेली एक शिकवण मला तिथे पदोपदी भेटली, हे त्याचं कारण. गॅदरिंगच्या वेळी आमचे चित्रकलेचे सर ज्याला नाच येत नाही त्याला पडदा ओढायला लावायचे, ज्याला तेही झेपत नाही त्याच्याकडे पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडायचं काम द्यायचे. एकही मूल नुसतं बघायला बसलेलं त्यांना चालत नसे.

यजमानांची औषध कंपनीतली नोकरी आम्हाला हबेई प्रांताच्या राजधानीत, शिजियाज्वांगला घेऊन गेली. तिथे औषधनिर्मितीचे मोठे कारखाने आहेत. सोलापूरकरांना हे शहर दुसऱ्याच कारणासाठी ओळखीचं असायला हवं. जपानशी युद्ध चालू असताना चीनमध्ये वैद्यकीय मदतीला गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी याच प्रांतातल्या तांग तालुक्यात, रुग्णांची सेवा करता करता गेले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. शिजियाज्वांगच्या शहीद स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आहे. तिथले लोक त्यांना के दिहुआ म्हणतात. मी त्यांच्या गावची, असं सांगितलं की वयस्कर माणसं माझा हात हातात घेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे कळल्यावर अशाच एका आजींनी मला त्या घराचा पत्ता दिला.

शहरापासून बसनं दोनेक तास. सपाट मुलूख, हिवाळ्यात गहू आणि पावसाळ्यात मका. हबेईत कॅथलिक वस्ती चीनमधल्या इतर कुठल्याही प्रांतापेक्षा जास्त आहे, आणि हे घरही गावातल्या नन्स चालवत. मुलं त्यांना आत्या म्हणत. बहुतेक मुलं जन्मतःच काहीतरी दुखणं घेऊन आलेली. कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाच्या पाठीच्या कण्यावर गाठ, आणि सगळ्यात जास्त सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा न राहणारी. पहाटे फाटकाशी दुपट्यात गुंडाळून ठेवलेली. एकच मूल होऊ देण्याच्या धोरणामुळे पूर्वी मुली जास्त टाकल्या जात; मी गेले त्या काळात आजारी मुलं जास्त होती, मग मुलगा असो की मुलगी. त्या आयाबापांबद्दल आत्यांच्या तोंडून मी कधी वाईट शब्द ऐकला नाही. ऑपरेशनचा खर्च ऐकून शेतकरी माणसाचे हातपाय गळतात, एवढंच त्या म्हणायच्या. २००४ पासून अनाथ मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी सरकारी योजना सुरू झाली, तिच्यामुळे पुष्कळ मुलांचे ओठ शिवले गेले.

दिवस सहाला सुरू व्हायचा. बाजरीसारख्या बारीक पिवळ्या दाण्याची पातळ पेज, वाफवलेले पांढरे पाव, खारवलेला मुळा. ज्यांना घास गिळता येत नाही त्यांच्यासाठी पाव पेजेत कुस्करायचा आणि लहान चमच्यानं, मान नीट धरून भरवायचा. एकेका मुलाला अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासात भरवणारी आत्या दुसरीकडे बघतसुद्धा नसे. मग चालती मुलं गावच्या शाळेत, गळ्यात लाल रुमाल बांधून. उरलेल्यांसाठी माझे व्यायाम. हिवाळ्यात दोरीवर वाळत घातलेली दुपटी पत्र्यासारखी कडक व्हायची, ती आत आणून शेगडीपाशी शेकायची. मक्याची सुगी आली की अंगणात कणसांचा पिवळा डोंगर. तिथे बसून दाणे सोडवणं हे मुलांचं आवडतं काम. बोटांच्या व्यायामासाठी मी शहरातून रबरी चेंडू नेले होते. कणसानं ते काम जास्त चांगलं केलं, कारण दाणे कोंबड्यांच्या पोटात जाताना मुलांना दिसत होते.

वाढदिवसाची पंचाईत असे. टाकलेल्या मुलाची जन्मतारीख कोण सांगणार? डॉक्टर दात, वजन बघून अंदाज बांधत आणि तीच कागदोपत्री लागे. पण त्या दिवशी लांबच लांब शेवयांचा वाडगा आणि वर अंडं मिळायचंच. शेवई तोडायची नाही, आयुष्य लांब व्हावं म्हणून. जे मूल चावू शकत नव्हतं, त्याच्याही ओठांना एक अख्खी शेवई लावून मग बाकीच्या बारीक करत.

१ जून हा चीनमध्ये बालदिन. गालांना लाली, दोन भुवयांच्या मध्ये लाल टिकली, मुलगे आणि मुली दोघांनाही. ते बघून मला पहिल्या वर्षी भडभडून आलं. अंगणातच कार्यक्रम, गावातले लोक बाकं घेऊन येत. चाकाच्या खुर्चीतली मुलं नाचात असत. मागे उभं राहून जो त्या खुर्च्या फिरवी, तोही नाचणाराच धरला जाई. ज्या मुलीला बोलता येत नव्हतं ती झांज वाजवायची, आणि तिची झांज वाजल्याशिवाय पुढचा कार्यक्रम सुरू होत नसे. मला सर आठवले ते तेव्हा. त्या गावात कुणी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी काम तेच चाललं होतं.

खरा सण म्हणजे वसंतोत्सव, चिनी नवं वर्ष. त्याची तयारी महिनाभर आधीपासून. बाराव्या चांद्र महिन्याच्या अष्टमीला धान्यं, कडधान्यं, खजूर घालून गोड पेज करतात, आणि त्याच दिवशी सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये बुडवून बरणी थंड जागी ठेवतात. काही दिवसांत पाकळ्या हिरव्यागार होतात, पाचूसारख्या. ती बरणी सांभाळणं हे पाठीच्या दुखण्यानं कायम अंथरुणात असलेल्या एका मुलाचं काम. बरणी त्याच्या खिडकीत असे. आज किती हिरवा झाला, हे विचारायला सगळं घर त्याच्याकडे जायचं, आणि तो मोठ्या गंभीरपणे उत्तर द्यायचा.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी च्याओत्सं, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या छोट्या करंज्या. कणीक मळून वळ्या करायच्या, सुरीनं तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा तळव्यानं दाबून चपटा करायचा, मग छोट्या लाटण्यानं कडा पातळ आणि मध्ये जाड अशी पारी लाटायची, आपल्या मोदकाच्या पारीसारखीच. सारण कोबी आणि मांसाचं. माझ्यासाठी अंडं आणि लसणाच्या पातीचं वेगळं. सेरेब्रल पाल्सीची एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. तिचा उजवा हात सतत मुठीत आवळलेला. महिनोन्‌महिने मी ती मूठ उघडायचा प्रयत्न करत होते. त्या संध्याकाळी आत्यांनी तिला तुकडे दाबायचं काम दिलं. पिठात बुडवलेली मूठ तिनं पहिल्या तुकड्यावर ठेवली. चपटा काही होईना. मग तिनं दात ओठ खाऊन बोटं एकेक करून सोडवली आणि पूर्ण तळवा टेकला. पारी लाटणारीनं तो तुकडा उचलला, दुसरा पुढे सरकवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिचं कौतुकही केलं नाही, कारण ताटं भरायची होती आणि ती मागे पडली असती तर सगळ्यांचंच काम अडलं असतं. मला ते फार थोर वाटलं, अजूनही वाटतं. उकळत्या पाण्यात च्याओत्सं सोडल्यावर तीनदा गार पाणी घालून पुन्हा उकळी आणतात. तेवढा वेळ ती स्वतःचे तुकडे कोणते, ते पातेल्यात शोधत होती. एका च्याओत्संमध्ये नाणं लपवलेलं असतं, ज्याला मिळेल त्याचं वर्ष भाग्याचं. जेवताना हिरवा लसूण आणि त्यातलं व्हिनेगर. बरणी फिरायची ती त्या खिडकीतल्या मुलाच्या हातून.

जानेवारी २०१३ मध्ये शेजारच्या हनान प्रांतात, लानखाव इथे एका बाईंनी स्वतःच्या घरात वाढवलेल्या मुलांच्या निवासाला आग लागली आणि सात जीव गेले. त्यानंतर देशभर अशा खासगी घरांची तपासणी झाली. आमच्याकडच्याही कोळशाच्या शेगड्या गेल्या, आणि काही मुलं सरकारी बालकल्याण संस्थेत हलवली. सुरक्षिततेसाठी ते हवंच होतं. पण निरोपाच्या वेळी आत्यांनी नव्या संस्थेतल्या बाईंच्या हातात प्रत्येक मुलामागे एक चिठ्ठी दिली. तिच्यात औषधं होती, आणि खाली एक ओळ: हे मूल कोणतं काम करू शकतं.

काही मुलं परदेशात दत्तक गेली. २०२४ मध्ये चीननं परदेशी दत्तक प्रक्रिया थांबवली, त्यामुळे आता जी आहेत ती तिथेच मोठी होतील. मुठीवाली मुलगी एका बेकरीत काम करते. व्हिडिओ कॉलवर ती मला आधी हात दाखवते.

गेल्या वर्षी आपल्या सहावीच्या मुलांनी त्या घरासाठी दिवाळीच्या आकाशकंदिलांची चित्रं काढून दिली, ती तिथे जेवणाच्या खोलीत लावली आहेत. यंदाही पाठवायची आहेत. वसंतोत्सव कधी जानेवारीच्या अखेरीस तर कधी फेब्रुवारीत येतो, टपालाला वेळ लागतो. तेव्हा चित्रं नाताळाच्या सुट्टीआधी बाईंकडे जमा करावीत. ज्यांना चित्र येत नाही त्यांच्यासाठी पाकिटं चिकटवायचं काम आहे.