प्लांतागे केर्कलानवरचा फलक आणि माझा नऊ आकडी क्रमांक

ॲमस्टरडॅमला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवावे लागते. नगरपालिकेला येथे खेमेन्ते म्हणतात. जन्मदाखला, पासपोर्ट आणि घरभाड्याचा करार दाखवला, की रहिवाशांच्या नोंदवहीत आपले नाव चढते आणि बीएसएन नावाचा नऊ आकडी क्रमांक हाती पडतो. पगार, बँक, डॉक्टर, आरोग्यविमा, करविवरणपत्र यांपैकी कशाचेही पान त्या क्रमांकाविना हलत नाही. आधार क्रमांकाची सवय असल्यामुळे मला त्यात वावगे काही वाटले नाही. उलट वीस मिनिटांत काम झाले याचे समाधानच वाटले.

घर शोधताना मात्र एक प्रसंग घडला. एका दलालाने माझ्या निवास परवान्याची दोन्ही बाजूंची प्रत मागितली आणि मी ती लगेच पाठवून दिली. हे ऐकून शेजारच्या वृद्ध डच बाई अस्वस्थ झाल्या. मागच्या बाजूला बीएसएन छापलेला असतो आणि तो मागण्याचा दलालाला अधिकार नाही, असे त्यांनी मला समजावले. प्रतीवरचा क्रमांक झाकून तिच्यावर ‘अमुक कामासाठी, अमुक तारखेला दिली’ असे लिहिण्यासाठी सरकारनेच एक मोफत ॲप काढले आहे, तेही त्यांनी दाखवले. एका क्रमांकाची एवढी काळजी कशासाठी, असे मी विचारले. त्यावर त्यांनी मला एका रस्त्याचा पत्ता दिला आणि तेथील फलक वाचून येण्यास सांगितले.

तो रस्ता म्हणजे आर्टिस प्राणिसंग्रहालयाला लागून असलेला प्लांतागे केर्कलान. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना शहराची लोकसंख्या नोंदणी कचेरी तेथे होती. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विल्लेम आरोन्देयस आणि शिल्पकार खेरित फान देर फेन यांच्यासह काही जण पोलिसांच्या गणवेशात त्या इमारतीत शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन त्यांनी शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले, नोंदपत्रांचे खण उपसून कागद जमिनीवर पसरले आणि स्फोटकांनी कचेरी पेटवली. अग्निशमन दलाच्या जवानांनी मुद्दाम उशीर केला आणि नंतर इतके पाणी मारले, की आगीतून वाचलेले कागदही भिजून खराब झाले. एवढे करूनही नष्ट झाली ती सुमारे १५ टक्के नोंदपत्रेच. फितुरीमुळे बहुतेक जण पकडले गेले आणि १ जुलै १९४३ रोजी आरोन्देयस यांच्यासह बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

चित्रकार आणि शिल्पकार यांना सरकारी कपाटे जाळण्यासाठी प्राण द्यावेसे का वाटले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. युद्धापूर्वीच्या डच नोंदणीत प्रत्येक रहिवाशाचे स्वतंत्र कार्ड होते आणि त्यावर धर्माचाही रकाना होता. तो रकाना कोणाच्या वाईटासाठी आखलेला नव्हता. शांततेच्या काळात शिस्तप्रिय प्रशासनाने विचारलेला तो एक साधा प्रश्न होता आणि लोकांनीही त्याचे उत्तर साधेपणाने दिले होते. नोंदणी खात्याचे प्रमुख याकोब लेंट्स हे आपल्या कामात कमालीचे निष्णात होते. प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र द्यावे, ही त्यांची सूचना डच सरकारने मार्च १९४० मध्ये फेटाळली, कारण प्रत्येक माणसाकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहणे डच परंपरेत बसत नव्हते. दोनच महिन्यांनी जर्मन फौजा देशात घुसल्या. लेंट्स यांचे ओळखपत्र १९४१ मध्ये सक्तीचे झाले. छायाचित्र, बोटांचे ठसे आणि विशेष कागद यांमुळे त्याची नक्कल करणे अत्यंत अवघड होते. ज्यूंच्या ओळखपत्रावर ‘जे’ हे अक्षर ठळकपणे उमटवले गेले. जानेवारी १९४१ च्या हुकुमानुसार पूर्ण वा अंशतः ज्यू ठरवलेल्या सुमारे १,६०,००० लोकांची स्वतंत्र नोंद आधीच झाली होती.

नेदरलँड्समधून सुमारे १,०२,००० ज्यूंचा बळी गेला, म्हणजे येथील ज्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश. फ्रान्समध्ये हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. या फरकाची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष नोंदवहीवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही माणूस कोठे राहतो आणि तो कोण आहे, हे विचारण्यासाठी येथे कोणाला दारोदार फिरावे लागले नाही, ही गोष्ट मला विसरता येत नाही. पुढे ११ एप्रिल १९४४ रोजी ओळखपत्रांच्या प्रती ठेवलेल्या हेग येथील क्लेकाम्प इमारतीवर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले. डच प्रतिकार चळवळीनेच तशी विनंती केली होती. त्या हल्ल्यात आत काम करणारे अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले.

युद्धानंतर ओळखपत्राची सक्ती गेली आणि ती स्मृती दीर्घकाळ टिकली. १९७१ च्या जनगणनेला इतका विरोध झाला, की तशी जनगणना पुन्हा झालीच नाही. मात्र १ जानेवारी २००५ पासून चौदा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला पोलिसांनी कामासाठी आवश्यक म्हणून मागितल्यास ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्टसाठी घेतलेले बोटांचे ठसे साठवून ठेवण्याची योजनाही आली होती. २०११ मध्ये सरकारला ती थांबवावी लागली.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय नाही. बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात येथील कर खात्याने हजारो पालकांना चुकीने लबाड ठरवले, कर्जात लोटले, आणि त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. चौकशीत जे उघड झाले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. डच नागरिकाचे दुसरे राष्ट्रीयत्व नोंदवणे नगरपालिकांनी २०१४ मध्येच बंद केले होते. तरीही मे २०१८ मध्ये अशा १४ लाख लोकांची ती माहिती कर खात्याकडे शिल्लक होती. अर्जदार डच आहे की नाही, ही माहितीही जोखीम ठरवणाऱ्या संगणक प्रणालीत वापरली जात होती. गोपनीयतेवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये या खात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला. सरकार लोकनियुक्त होते आणि कोणी शत्रू देशात घुसला नव्हता. जुना रकाना तेवढा पुसायचा राहिला होता, आणि तोच पुरेसा ठरला.

म्हणूनच ओळखपत्राची चर्चा कार्ड खिशात बाळगावे की नाही, एवढ्यावर थांबू नये असे मला मनापासून वाटते. त्या कार्डामागे कोणते प्रश्न विचारले आहेत, त्यांची उत्तरे किती वर्षे राहणार आहेत आणि कोणकोणत्या खात्यांच्या नोंदी त्या एका क्रमांकाने एकमेकींना जोडल्या जाणार आहेत, हे विचारले पाहिजे. माझे आजोळ शहादा तालुक्यातले. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी त्याच तालुक्यातील टेंभलीला दिली गेली, याचा तेव्हा आमच्या घरी अभिमान होता. ज्यांच्याकडे कोणताच कागद नव्हता, त्यांना ओळख मिळाली, हे मोल मी कमी लेखत नाही. आधार कायद्याने धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न आणि आजारपण यांची माहिती घेण्यास स्पष्ट मनाई केली आहे, ही तरतूद मला प्लांतागे केर्कलानच्या फलकापाशी उभे असताना आठवली आणि तिची खरी किंमत तेथे कळली. पण शिधापत्रिका, बँक, मोबाइल आणि रुग्णालय या सर्वांशी तोच क्रमांक जोडला गेला, की जे आधारने विचारले नाही, तेही जोडणाऱ्याला कळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढच्या वर्षी आधार योजना बहुमताने वैध ठरली, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. ते निकालपत्र मी येथे येऊन वाचले, भारतात असताना वाचले नव्हते.

गेल्या महिन्यात आई-बाबा पंढरपूरला गेले होते. मुक्कामाच्या ठिकाणी आधारची झेरॉक्स मागतील, हे ठाऊक असल्यामुळे मी बाबांना फोनवरून मास्क्ड आधार उतरवून घेण्यास सांगितले. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. ‘अगं, ते चालेल का तिथे?’ असे त्यांनी दोनदा विचारले. चालले. जाताना बाबांनी प्रतीवर तारीख आणि कारण लिहून खाली सही केली होती, असे आईने सांगितले.