लिनक्सवर आले आणि मराठी कीबोर्ड विसराळू झाला

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम; ती बसवायला काहीच त्रास झाला नाही, हे आधीच सांगते. माझा लॅपटॉप २०१६चा, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज ११ला किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. धडधाकट यंत्र भंगारात घालायचं जिवावर आलं. दिवाळीला आलेल्या भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं लगेच चाललं. दोन तासांत तो फराळाला मोकळा.

माझी रड तिथून पुढे सुरू होते.

मी घरी मुद्रितशोधन करते. एका खिडकीत लेखकाचा मजकूर, दुसरीत ब्राउझर. मजकुरात मराठी, ब्राउझरमध्ये बहुतेक वेळ इंग्रजी. विंडोजवर मी कीबोर्ड बदलतेय हे मला जाणवतही नसे. मजकुराच्या खिडकीत गेले की मराठी, ब्राउझरमध्ये गेले की इंग्रजी. ज्या खिडकीत जे सोडलं, ते तिथे परतल्यावर तसंच सापडायचं.

मिंटवर ते सापडेना. मजकुरात ओळ दुरुस्त करून ब्राउझरमध्ये जायचं, जीमेल टाइप करायचं, तर तिथे उमटायचं ‘ुसोगत’. अधांतरी लोंबणारा उकार आणि पुढे सोगत. इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठीच्या प्रमाण कीबोर्डवर, टाइप करणाऱ्यांनी पडताळून बघावं. भाषा बदलून पुन्हा लिहायचं, मग मजकुरात परत यायचं, तर आता तिथे इंग्रजी. दिवसातून शेकडो वेळा. पासवर्डचं तर विचारूच नका, तिथे नुसते ठिपके दिसतात. दुसऱ्याच दिवशी नेटबँकिंगवर तीनदा देवनागरी पासवर्ड मारला आणि खातं कुलूपबंद करून बसले.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, त्या फीचरचं नाव काय?”

इथेच तर घोडं अडलं. मला नाव ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं रोज वापरलेल्या सोयीला काही नाव असतं, हेच माझ्या गावी नव्हतं. नाव नाही, तर शोधायचं काय? ‘मराठी कीबोर्ड लिनक्स’ असं शोधलं की मराठी कीबोर्ड कसा बसवायचा तेच पुन्हा पुन्हा समोर येतं. अहो, बसलाय तो. तो विसराळू आहे, ही माझी तक्रार आहे. ज्याला विचारावं तो म्हणे, “दोन बटणं दाबून भाषा बदलायची, त्यात काय एवढं?” एकाने तर “आता लिनक्सची सवय करा” असा उपदेशही केला. ऑफिस गेलं, फोटोशॉप गेलं असं सांगितलं असतं तर लोकांनी पर्यायांची यादी हातात ठेवली असती. माझं जे हरवलं होतं ते कुणाच्या यादीतच नव्हतं.

पाचव्या दिवशी भाच्यालाच ते दिसलं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट्स (कुठल्या कळीला कुठलं अक्षर, ती मांडणी), आणि तिथे एक चौकट: प्रत्येक खिडकीला वेगळा लेआउट चालू द्या, अशा अर्थाची. टिक केली. कीबोर्डला आठवण आली! मी त्याला व्हिडिओ कॉलवरच शंभर वर्षांचं आयुष्य दिलं.

आनंद टिकला एक दिवस. ज्ञानेश्वर लिहायला गेले आणि ज्ञ उमटेना. विंडोजच्या मराठी कीबोर्डवर शिफ्ट आणि ५ म्हणजे ज्ञ, ६ म्हणजे त्र, ७ला क्ष, ८ला श्र, रफार ४वर. माझी बोटं वर्षानुवर्षं तिथेच जातात. मिंटच्या साध्या लेआउटमध्ये एका कळीला एकच अक्षरचिन्ह देता येतं. ज्ञ हा ज, हलन्त आणि ञ मिळून तीन चिन्हांचा, म्हणून तो एका कळीत मावत नाही. तिन्ही कळा दाबून ज्ञ येतोच, पण चारशे पानांच्या संतसाहित्यावरच्या पुस्तकात? मला ते परवडणारं नव्हतं.

उपाय म्हणजे आयबस, लिनक्सवर मराठीसारख्या भाषा टाइप करायला वापरतात ते सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजेस घ्यायची, इनपुट मेथडच्या खिडकीत आयबस निवडायचं, लॉगआउट करून परत आत यायचं (हे केलं नाही तर काहीही होत नाही, मी अर्धा तास वाट बघितली), मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडायचं. ज्ञ आला, क्ष आला, रफार आला. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस, अगदी जुन्यासारखं.

आणि कीबोर्ड पुन्हा विसराळू झाला. ‘ुसोगत’ परत हजर.

टिक तर जागेवर होती. मी ती काढून पुन्हा केली, तीनदा रीस्टार्ट केलं, शेवटी लॅपटॉप मिटून भांडी घासायला गेले. ती टिक साध्या लेआउटपुरती असते, आयबसला तिच्याशी देणंघेणं नसतं, हे कळायला आणखी चार दिवस गेले. आयबसची स्वतःची चौकट वेगळी आहे: प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे ‘शेअर द सेम इनपुट मेथड अमंग ऑल ॲप्लिकेशन्स’. ही आधीपासून टिक केलेलीच असते. ती *काढायची*. एका ठिकाणी टिक करायची, दुसऱ्या ठिकाणी काढायची, आणि दोन्हींचा अर्थ एकच! बारा दिवसांचं उत्तर एवढंसं. त्या बारा दिवसांत पुण्याच्या प्रकाशकाला दोनदा “उद्या देते” सांगून झालं होतं.

बाकी काय आठवतं? विंडोजची कळ आणि व्ही दाबून मागे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी यायची. तेही मिंटवर आपोआप नाही. कॉपीक्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर बसवलं की झालं. याला नाव माहीत होतं, म्हणून दहा मिनिटांत सुटलं.

मंगल आणि कोकिला हे फॉन्ट विंडोजवर मराठी भाषा जोडली की येतात, मिंटवर नसतात. मायक्रोसॉफ्टचे कोअर फॉन्ट बसवा असं सगळे सांगतात; त्यात एरियल आहे, टाइम्स आहे, मंगल नाही. मंगलमधल्या फाइलला मिंट दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं, ओळी सरकतात, पानं बदलतात. मग “पान ८७वर वेलांटी” असं मी कळवायचं आणि लेखकाने ८५वर शोधायचं. आता वर्ड फाइलबरोबर पीडीएफही मागवते आणि पानं त्यातली सांगते.

लिब्रेऑफिसमध्ये (मिंटवर वर्डच्या जागी हेच) देवनागरीची भाषा वेगळी ठरवावी लागते, ऑप्शन्समध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ अशा भीतिदायक नावाखाली. माझ्याकडे तिथे हिंदी होती. ती मराठी करा. काही फॉन्टमध्ये त्यावर ल आणि श यांचं वळणही बदलतं.

गेल्या महिन्यात मुलीकडे गेले होते. तिच्या विंडोज ११च्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड जोडला, थोडं काम केलं, ब्राउझर उघडला. ‘ुसोगत’! शोधलं (आता शोधता येतं) तर तिथेही ही सोय आपोआप नसतेच. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी इनपुट मेथड अशी चौकट आहे, ती कुणीतरी टिक करावी लागते. माझ्या लॅपटॉपवर कधीकाळी ती केली असणार आमच्या डीटीपीवाल्या मुलाने, मराठी कीबोर्ड त्यानेच बसवून दिला होता. आणि मी नऊ वर्षं श्रेय विंडोजला देत होते.

म्हणून जुनी सिस्टिम पुसण्याआधी कीबोर्डच्या सगळ्या सेटिंग्जचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. फाइलींचा बॅकअप मी तीन ठिकाणी घेतला होता. सेटिंग्जचा एकही फोटो नव्हता.