दु. ४ वा. दीनानाथ

देवगडहून आंब्याची पेटी आली. दरवर्षी येते तशीच, गगनबावड्याचा घाट चढून, सुतळीनं आवळलेली. दुपारचे अडीच वाजले होते आणि घरात सगळे आडवे. मी पेंढा उपसून एकेक आंबा पलंगाखाली मांडायला घेतला, तर तळाचा कागद हाताला लागला. मुंबई आवृत्ती, मागच्या रविवारची, नाटकांच्या जाहिरातींचं पान. मधोमध चिकाचा तपकिरी डाग. आंबे राहिले बाजूला, मी फरशीवर मांडी घालून पान वाचत बसले.

आमच्याकडच्या पेपरात नाटकाची जाहिरात येते ती एक, फार तर दोन, तीही कुणी दौऱ्यावर निघालं असेल तर. मुंबईच्या पानावर मात्र मे महिन्यात चौकटीला चौकट खेटून बसलेली, पंगतीत मांडीला मांडी लागावी तशी. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, कालिदास, प्रबोधनकार, ठाण्याचं गडकरी. सकाळी साडेदहाला बालनाट्य, त्याच रंगमंचावर दुपारी चारला नवराबायकोचं भांडण, रात्री साडेआठला खून. चेटकिणीची झोपडी काढून दिवाणखाना लावायला बिचाऱ्यांना दोन-तीन तास मिळत असतील. भाषाही ठरलेली. हाऊसफुल्ल गर्दीत. तुफान विनोदी. लोकाग्रहास्तव. 'फक्त शेवटचे २५ प्रयोग' हे मी एकाच नाटकाचं सलग तीन उन्हाळे वाचलेलं आहे. त्या पंचवीसमधला पहिला प्रयोग कधी सुरू होतो हे निर्मात्यालाच ठाऊक.

माझा एक जुना चाळा आहे. घरात कुणाला सांगितलेला नाही. असं पान हाती लागलं की मी पेन्सिल घेऊन बेत आखते. दुपारी चारला दीनानाथ. सुटेल पावणेसातला. मध्यंतरात बटाटावडा खाल्लेला असेल, त्यामुळे भुकेचा प्रश्न नाही. विलेपार्ल्याहून स्लो लोकल, दादरला उतरून चालत शिवाजी मंदिर, सव्वाआठला दारात. सोमवारी विश्रांती. मंगळवारी जुहूचं पृथ्वी. तिथं मुलांसाठी उन्हाळाभर काही ना काही चालू असतं, शिवाय खुर्च्या दोनशेच आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, म्हणून अर्धा तास आधी. हे सगळं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पंख्याखाली. आणि तो रविवार उलटूनही गेलेला.

हे खूळ आत्याचं. आत्या दादरला दोन खोल्यांत राहायची आणि मे महिन्यात आम्ही पाच भावंडं महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन तिच्या डोक्यावर पडायचो. मुंबई दाखवायची म्हणजे राणीचा बाग आणि चौपाटी असं तिचं गणित नव्हतं. "समुद्र काय, पळून जातोय होय?" म्हणायची. रविवारचं पान ती परातीखाली दाबून ठेवायची आणि दुपारी भांडी आवरली की पदराला हात पुसत घेऊन बसायची. कुठलं नाटक मुलांनी बघावं याचे तिचे नियम कडक. ज्याच्या जाहिरातीत फोनवर बोलणारी बाई असेल ते नाही. ते ती एकटी बघून यायची.

मग प्लाझासमोर, शिवाजी मंदिरात, प्लॅनवर. अलीकडच्या मुलांना प्लॅन म्हणजे काय हे सांगावं लागेल, पण मी सांगणार नाही. खिडकीच्या आत तो मोठा कागद पसरलेला असायचा, चौकोनाचौकोनांचा, आणि बुकिंगवाल्याच्या कानावर निळी पेन्सिल. बहुतेकांना मधली तिकिटं हवी असायची. आत्या म्हणायची, "कडेची द्या. पोरं आहेत, उठावं लागतं." तो सहा चौकोनांवर सहा फुल्या मारायचा. आपण अजून घरातून निघालोही नाही आणि थिएटरात आपली जागा आपली वाट बघत बसलीय, याचं मला इतकं अप्रूप वाटायचं की प्रत्यक्ष नाटक त्यापुढं थोडं फिकंच पडायचं. मी अजूनही कडेचीच खुर्ची घेते. उठावं लागतं म्हणून नाही. मधे बसलं की दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं वाटतं.

मुंबईत नाटकं रविवारची. कोल्हापूरच्या वाट्याला मंगळवार-बुधवार, कारण शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचे. कंपनीची बस सातारा-सांगली करत यायची, किंवा बेळगाव-गोव्याला जाता जाता आम्हाला उरकायची. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. आज नाटक आहे हे गावाला जाहिरातीआधी बसवरून कळायचं. सकाळीच ती थिएटराच्या आवारात उभी, टपावर ताडपत्रीखाली अख्खं घर बांधलेलं.

आबा त्या थिएटराला शेवटपर्यंत 'प्यालेस थेटर' म्हणत. केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव त्यांच्या तोंडी बसलंच नाही, आणि त्यामागं अनादर नव्हता, उलट होतं. शाहू महाराजांनी बांधलं तेव्हा ते पॅलेसच होतं. महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोमला कलोसियम पाहून आले, मग १९१२ ला खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं आणि तीन वर्षांनी, १९१५ ला, त्याला पाठ लावून थिएटर. प्रेक्षागृहाच्या मधे एक खांब नव्हता. कुस्ती आणि संगीत नाटक एका भिंतीच्या अल्याडपल्याड ठेवायची बुद्धी दुसऱ्या कुठल्या राजाला झाली असेल असं वाटत नाही. सांगलीकर म्हणतात आम्ही नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक आमच्याकडं केलं. केलं, कबूल आहे. पण शेजारी कुस्ती होती का?

आमच्याकडे होती. एकदा रंगमंचावर आईचा मृत्यू चालला होता. खाटेवर आई, पायाशी मुलगा, निळा प्रकाश, आणि शेजारच्या मैदानात कुणीतरी कुणाला तरी चीतपट केलं. हलगी कडाडली. हजारो लोकांनी एकदम 'हेऽऽ' केलं. आईनं प्राण सोडायचा तो क्षण नेमका तोच. सोडला बिचारीनं, पण मुलगा खांदे उडवत होता ते रडण्यानं की हसण्यानं हे मला कडेच्या खुर्चीवरून नीट दिसत होतं. आबा कुजबुजले, "निकाली झाली." ते कुठल्याबद्दल बोलत होते, विचारायचं राहून गेलं.

आणि ते दार. मी नऊ वर्षांची असेन, धाकटा दाद्या सहाचा. मेमधली अशीच दुपार, आम्ही पोहून येत होतो, अंगाला क्लोरीनचा वास, हातात प्रत्येकी एक पेप्सीकोला. आवारात बसवरून सामान उतरत होतं. दोन माणसं एक खिडकी घेऊन गेली, पडद्यासकट. एकाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन, रिकाम्या खोक्याइतकं हलकं, एका हातानं धरलेलं. आणि भिंतीला न टेकता, पाठीमागं तिरपा लाकडी टेकू देऊन, उन्हात एक दार उभं होतं. नुसतं दार. चौकट, कडी, 'वेलकम' लिहिलेलं तोरण, कॉटवरच्या चादरीसारखा रंग दिलेली दीड हात भिंत, आणि भिंतीवर बेलचं बटण. दाद्यानं पेप्सीकोला दुसऱ्या हातात घेतला, टाचा उंच केल्या आणि बटण दाबलं. वाजलं काहीच नाही. वायर कुठं असणार?

दार आतून उघडलं. आतून म्हणजे पलीकडून. बनियनमधला एक माणूस, तोंडात खिळे. त्यानं खिळे हातावर काढले, आम्हाला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत. काय निरोप?"

दाद्या म्हणाला, "परत येतो." त्यानं मान हलवली आणि दार लावून घेतलं. आम्ही त्या दाराला वळसा घालून सहज पलीकडं बघू शकलो असतो. दोघांपैकी एकानंही बघितलं नाही. घरी येईपर्यंत बोललोही नाही. रात्री नाटकात त्याच दारातून एक जाडा नट आत आला, अख्खं थिएटर हसलं, आणि दाद्या माझ्या कानाला लागला, "साहेब आले."

आता माझा मुलगा अंधेरीत असतो. गेल्या उन्हाळ्यात गेले तर म्हणाला, "आई, नाटक काय बघतीस दरवेळी, स्टँडअपला नेतो." एका कॅफेच्या तळघरात साठेक खुर्च्या, विटांची भिंत, मधे माइक. पडदा नाही. विंग नाही. घंटा नाही हे मला फारच लागलं. पहिली झाली की लोक बाहेर चहा टाकून निघतात, दुसरीला बायका पर्स मिटतात, तिसरीला अंधार आणि कुणाचं तरी पोरगं हमखास रडतं. एवढं झाल्याशिवाय मला समोरचा माणूस खोटं बोलतोय यावर विश्वास ठेवता येत नाही. इथं एक दाढीवाला आला आणि म्हणाला जोरात टाळ्या वाजवा. कशाबद्दल? अजून काही केलंच नव्हतं त्यानं.

कडेची खुर्ची घेतली होती, तीच नडली. "काकू, कुठून आलात?" म्हटलं, कोल्हापूर. झालं. चप्पल, मिरची, तांबडा, पांढरा, सगळा बाजार मांडला त्यानं. मग म्हणाला, "काकू, आवडलं नाही तर मारणार नाही ना?" माइक माझ्या तोंडासमोर. मी म्हटलं, "तिकिटाचे पैसे फिटूदेत, मग ठरवू." लोक हसले. त्याच्या कुठल्याही वाक्याला हसले नव्हते इतके. मुलगा खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ जमिनीला लागला. पोरगा गुणी होता पण, उरलेल्या वेळात अधूनमधून माझ्याकडं बघून "फिटले का?" विचारत राहिला, आणि शेवटी खरंच फिटले. बाहेर पडताना त्याला वीस मिनिटांत नऊ वेगवेगळ्या लोकांसारखं बोलताना पाहिल्याचं माझ्या लक्षात आलं. दार नव्हतं तरी माणसं येत-जात होती. हे मुलाला सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आम्ही गच्चीवर होतो. जेवणं झाली होती. खासबागेच्या बाजूला आभाळ लाल झालं तेव्हा आधी वाटलं कुठं गोडाऊन लागलं. मग खाली गल्लीत कुणीतरी पळत ओरडत गेलं, "थेटर, थेटर." दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. एकतीस वर्षांचं आयुष्य त्या गायक नटाचं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी, हे धैर्यधर आणि ते भामिनी, आणि ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्या गावानं जपलेली त्यांच्या नावाची वास्तू जळाली, तीही जयंतीच्या आदल्या रात्री. आमच्या गच्चीवर कुणी काही बोललं नाही. दाद्याचा फोन आला पुण्याहून, बातम्या बघितल्या म्हणून. खूप वेळ दोघंही नुसते धरून होतो. मग त्यानं विचारलं, "दार कुठल्या बाजूला होतं गं, बसकडं का मैदानाकडं?"

"मैदानाकडं," मी म्हटलं. आठवत नव्हतं.

पलंगाखाली सात आंबे मांडून झाले होते आणि पाच डझन बाकी होते. पेंढा कमी पडला म्हणून ते पान अंथरलं, बेताच्या पेन्सिलीसकट. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा वाकून बघितलं. गडकरी अजून हिरवं आहे. यशवंतवरचा एक डागाळलाय, तो आज रसात जाईल. दीनानाथ, दु. ४ वा., पिकलाय.